अटींवर मिळालेला प्रवेश

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत पंधरा दिवस दुसरा विषय नसतो. कुणाला किती टक्के पडले, कुणाला नीटमध्ये किती येतील, कोण लातूरला क्लास लावून रिपीट करणार... यंदाही तेच. परवा संध्याकाळी मी गच्चीवरच्या कुरडया काढत होते, तर शेजारच्या वहिनी आल्या. तोंड उतरलेलं. मला वाटलं, लेकीचे मार्क कमी आले असतील. पण मार्क तर छान आहेत! अडचण वेगळीच होती. लेकीला डॉक्टर व्हायचं नाही, नर्सिंग नको, फार्मसीही नको. तिला मॉलिक्युलर जेनेटिक्स शिकायचंय.

वहिनींनी तो शब्द दोनदा अडखळत उच्चारला आणि मग एका दमात सगळं विचारून घेतलं. हे असतं तरी काय? जालन्यात राहून त्याचा उपयोग काय? नोकरी कुठं लागते? आणि एवढं शिकल्यावर हिला स्थळं कशी यायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पहिल्याचं होतं, आणि गंमत म्हणजे अर्धं उत्तर वहिनींनाही ठाऊक होतं.

वहिनींचं माहेर खेड्यातलं. लग्नाआधी त्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायच्या. आपल्या भागातल्या कितीतरी बायका जातात. संध्याकाळी कपाशीच्या मादी ओळीतली, उद्या उमलणारी कळी हेरायची. तिच्यातले पुंकेसर नखानं अलगद काढून टाकायचे, खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्याचे पराग तिला लावायचे. दोन झाडांचे गुण एका सरकीत! ते बी पेरलं की पीक जोमात येतं. पण त्याच पिकातलं बी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं, तर सगळी झाडं सारखी येत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण असं का होतं? गुण बीमध्ये कुठं बसलेले असतात, कोणता दबतो, कोणता वर येतो? हे शोधणारं शास्त्र म्हणजे जेनेटिक्स, आपल्या भाषेत जनुकशास्त्र. आणि हेच पेशीच्या आत शिरून, डीएनए नावाच्या रेणूपर्यंत पोचून बघायचं, तर ते मॉलिक्युलर जेनेटिक्स.

आपल्याकडं नेमक्या याच नावाची पदवी फारशी दिसत नाही. बी.एस्सी.ला बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री घेतलं, किंवा लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयात प्रवेश घेतला, तरी हा विषय शिकता येतो. आणि जालन्यात उपयोग काय, हे जालनेकरांनी विचारावं? बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली. तेव्हापासून आपलं गाव बियाण्यांचं गाव झालं. देशात २००२ साली परवानगी मिळालेली पहिली बीटी कपाशी इथल्याच कंपनीची. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं, बोंडअळी मारण्यासाठी. पुढं गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली आणि २०१७च्या हंगामात शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आपण पाहिलंच. म्हणजे हे काम संपलेलं नाही, बरं का. शिवाय बियाण्यांच्या कंपन्यांत बी शुद्ध आहे का, हे तपासायला कधी ते शेतात लावून बघतात, तर कधी थेट त्याचा डीएनए बघतात. ते बघायला माणसं लागतातच.

एवढं सांगूनही वहिनींच्या कपाळावरची आठी काही जाईना. मग मी त्यांना कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, तीच आज तुमच्यासाठी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. त्यांच्या थोरल्या बहिणीला तुम्ही नक्की ओळखता. दुर्गा भागवत! आणीबाणीत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलणाऱ्या, त्याच दुर्गाबाई. एका बहिणीनं लोककथा, लोकजीवन धुंडाळलं, 'खमंग'सारखं खाण्यावरचं पुस्तक लिहिलं. दुसरीनं तेच खाणं परीक्षानळीत घालून त्यात काय काय आहे ते शोधलं. एका घरात अशा दोन मुली निपजाव्यात, म्हणजे त्या घराचंच कौतुक करायला हवं.

घर तसंच होतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेले. त्यामुळं विज्ञान शिकायचं तर पुढं बंगलोरलाच जायचं, हे कमलानं लहानपणीच मनात धरलं असणार. तिनं मुंबईत बी.एस्सी. केलं. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. १९३३ साली पदवी मिळाली, तीही पहिल्या नंबरानं.

इथं जरा थांबून एक लक्षात घ्या. त्या वेळी डीएनएची रचना जगात कुणालाच माहीत नव्हती. ती कळायला अजून वीस वर्षं जायची होती. गुण पिढ्यानपिढ्या उतरतात हे ठाऊक होतं, पण ते नेमके कोणत्या रेणूत साठवलेले असतात, यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही एकमत नव्हतं. शरीरातली रसायनं कशी काम करतात हे शिकवणारं बायोकेमिस्ट्री, म्हणजे जीवरसायनशास्त्र, हेच तेव्हाचं नवं शास्त्र. आजच्या मॉलिक्युलर जेनेटिक्सची ती सख्खी मावशीच म्हणा ना. कमलाला तिकडं जायचं होतं.

तिनं बंगलोरला अर्ज केला. पहिल्या नंबरानं पास झालेली मुलगी, घरातली दोन माणसं त्याच संस्थेत शिकलेली. प्रवेशाला अडचण ती काय असणार? पण अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळवलेले, साऱ्या देशाचा अभिमान! त्यांनी नकार दिला तो मार्कांवरून नाही. ती मुलगी आहे म्हणून. मुलींना संशोधन जमत नाही, असं त्यांचं मत होतं.

तुमच्या-माझ्यासारखी काय करती? रडून घरी बसली असती. फार तर दुसरीकडं अर्ज टाकला असता. कमलानं नकारामागचं कारण विचारलं. आणि काळ गांधीजींचा होता. प्रवेश मिळेपर्यंत आपण रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह करणार, असं तिनं ठरवलं. बावीस वर्षांची मुलगी, समोर नोबेलविजेता! शेवटी रामन यांनी तिला घेतलं. पण साधंसरळ नाही. अटी घातल्या. 

पहिली अट, तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. एक वर्ष परीक्षेवर ठेवलं जाईल. संचालकांची खात्री पटेपर्यंत तिच्या कामाला मान्यता नाही. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. आणि तिसरी, तिच्यामुळं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे काय, तर तिथल्या मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको!

वहिनी हे ऐकून हसल्या. मग गप्प झाल्या. मलाही ही तिसरी अट वाचते तेव्हा दर वेळी तसंच होतं. लक्ष विचलित होणार मुलांचं आणि अट मात्र मुलीला. आजही वर्गात, एसटीत, कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी हाच न्याय चालतो की नाही, सांगा बरं.

कमलानं अटी मान्य केल्या. यावर कुणी म्हणेल, अशा अपमानाच्या अटी मान्यच का करायच्या? मला तो प्रश्न सोपा वाटत नाही. नाही म्हटलं असतं तर ताठ मानेनं घरी परतता आलं असतं, पण प्रयोगशाळेचं दार तसंच बंद राहिलं असतं. तिनं आत जायचं ठरवलं. म्हणून तिला त्या अटी बोचल्या नाहीत असं मात्र समजू नका. पुढं म्हातारपणी, सगळे मानसन्मान मिळून गेल्यावरही, त्यांनी जाहीरपणे हे बोलून दाखवलं. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण बायकांच्या बाबतीत त्यांचं मन कोतं होतं आणि तो अपमान आपण विसरू शकलो नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. थोरांच्या चुकांवर पांघरूण घालायची आपली सवय त्यांना नव्हती.

बंगलोरला त्यांना गुरू मात्र चांगले भेटले. श्रीनिवासय्या त्यांचं नाव. शिस्तीला कडक, पण शिकणाऱ्याला हातचं राखून न ठेवणारे. त्यांच्या हाताखाली कमला दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं यांच्यावर काम करायला लागली. विषय कसा निवडलाय बघा! ज्या देशात लाखो घरांत मांस-मासे परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, तिथं अंगाला लागणारं प्रथिन येतं ते तूर, मूग, हरभऱ्यातून. त्या डाळीत नेमकं काय आहे, याचा शोध प्रयोगशाळेत बसून घ्यायचा. वर्ष संपलं. रामन यांची खात्री पटली. कमलाचं काम नियमित झालं आणि १९३६ साली तिला एम.एस्सी. मिळाली. त्यानंतर रामन यांनी संस्थेत मुलींना घ्यायला सुरुवात केली. पुढं हवामानशास्त्रात मोठं नाव कमावणाऱ्या अ‍ॅना मणी १९४० साली तिथं आल्या, खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत. कमलानं ते अटींचं वर्ष काढलं नसतं, तर त्यांच्याही वाटेत ते दार बंदच असतं की काय, कोण जाणे.

मग केंब्रिज. शिष्यवृत्ती मिळाली आणि कमला १९३७ साली इंग्लंडला गेली. तिथं मुलींच्या न्यूनहॅम कॉलेजात राहायला लागली. काम करायचं होतं सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले हॉपकिन्स. पण तिथं बसायला जागाच नव्हती, सगळी टेबलं भरलेली. तेव्हा डेरेक रिक्टर नावाचे संशोधक पुढं आले. त्यांनी आपलं टेबल दिवसा कमलाला दिलं आणि स्वतःचं काम रात्री करायला लागले. बंगलोरला तिला रात्री काम करायची अट घातली होती. इथं तिच्यासाठी एका पुरुषानं आपणहून रात्रपाळी घेतली. ही एवढीशी गोष्ट मला तिच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

म्हणून केंब्रिज म्हणजे अगदी स्वर्ग होतं असंही नाही हं. त्या विद्यापीठानं बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडू दिलं. तोवर बायका शिकायच्या, परीक्षा द्यायच्या, पास व्हायच्या आणि त्यांना मिळायची ती नावापुरती पदवी.

पुढं कमला रॉबिन हिल या शास्त्रज्ञांकडं वनस्पतींच्या पेशींवर काम करायला लागली. आणि तिला जे मोठं यश मिळालं ते कशात, माहितीये? बटाट्यात! आपण श्वास घेतो, त्या प्राणवायूच्या मदतीनं शरीरातली प्रत्येक पेशी अन्नातून शक्ती काढून घेते. हे एका झटक्यात होत नाही. विहिरीवरून बादली या हातातून त्या हातात द्यावी, तसं एक रसायन दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला देत जातं. त्या साखळीतलं एक प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. कमलानं दाखवून दिलं की ते बटाट्याच्या पेशीतही असतं आणि वनस्पतींचा श्वासही याच साखळीवर चालतो. म्हणजे बटाटा, पिंपळ आणि आपण, आत एकाच पद्धतीनं जगतो. १९३९ साली हिल यांच्यासोबत 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात तिचं टिपण आलं. प्रबंध किती पानांचा होता? फक्त चाळीस! आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत तो लिहून झालेला. आजकाल तीनशे-चारशे पानांचे जाडजूड प्रबंध बांधून घेणाऱ्यांनी हे वाचावं.

१९३९ साली कमला भागवत डॉक्टर झाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्याआधी १९३१ साली केरळच्या जानकी अम्माळ यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. पण ती डी.एस्सी. होती. त्याही बाईच, आणि त्यांचा विषय तर जनुकशास्त्रच. कोइमतूरला उसाच्या नव्या जाती तयार करण्याचं काम त्यांनी केलं. पहिली कोण, या वादात मला रस नाही. दोघींची नावं आपल्या मुलींना माहीत असावीत, एवढंच वाटतं.

याच न्यूनहॅम कॉलेजात १९३८ साली आणखी एक मुलगी पदवीसाठी दाखल झाली. अठरा वर्षांची, लंडनची, रोझलिंड फ्रँकलिन. तिनंही रसायन आणि भौतिक हेच विषय घेतले. पुढं १९५२ साली लंडनला तिच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी घेतलेल्या एका छायाचित्रावरून डीएनए जिन्यासारखा पीळ घेतलेला असतो, हे उलगडायला मदत झाली. तिला न विचारता ते छायाचित्र दुसऱ्यांना दाखवलं गेलं. १९५३ साली डीएनएची रचना जाहीर झाली. १९५८ साली ३७व्या वर्षी रोझलिंड कर्करोगानं गेली. १९६२ साली त्या शोधाला नोबेल मिळालं, ते तीन पुरुषांना. आज मॉलिक्युलर जेनेटिक्सचं पुस्तक उघडलं की पहिल्या काही पानांतच तिचं नाव येतं. कमला आणि रोझलिंड, दोघी एक वर्ष एकाच कॉलेजच्या छपराखाली होत्या. त्या पुस्तकात कमलाबाईंचं नाव सहसा नसतं, पण त्यांचं सायटोक्रोम सी मात्र असतं. माणसाच्या शरीरात ती १०४ अमिनो आम्लांची माळ आहे. माणसाची आणि चिंपांझीची माळ मणी न मणी सारखी. ऱ्हीसस माकडाच्या माळेत एका मण्याचा फरक. जसजसं नातं लांबचं, तसतसे वेगळे मणी जास्त. कोण कुणाचा किती जवळचा नातेवाईक, हे रेणूंवरून कसं ओळखायचं, ते मुलांना शिकवताना याच प्रथिनाचं उदाहरण देतात.

कमला १९३९ सालीच भारतात परतली. तिकडं युद्धाचे ढग जमले होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला, त्याची प्रमुख झाली. मग कुन्नूरच्या आहार संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते विमागणिती होते. कमलाबाई मुंबईला आल्या, दोन मुलगे झाले. लग्न झालं, पोरंबाळं झाली की बाईचं संशोधन संपलं, असं त्या काळी सगळेच धरून चालायचे. आजही धरतातच. कमलाबाईंचं खरं मोठं काम मात्र लग्नानंतर, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये झालं.

तिथं त्यांनी पुन्हा कडधान्यं हातात घेतली. मैत्रिणींनो, वाल-पावटे कच्चे खाऊ नयेत, भिजवून, मोड आणून, चांगले शिजवूनच खावेत, हे आपल्याला आईनं, सासूनं सांगितलंय. का, ते कुणी सांगितलं नाही. कारण असं की या कडधान्यांत एक चोर दडलेला असतो. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य असतं, हा चोर त्याचे हात बांधून टाकतो. प्रथिन खाल्लं तरी पचत नाही, अंगी लागत नाही. आच लागली की चोराचा जोर जातो. हा चोर, म्हणजे ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य, आपल्या कोणत्या भाज्यांत, कोणत्या कडधान्यांत किती आहे, हे कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेक करून तपासलं. १९५५ साली वाल आणि डबल बी यांच्यातून तो शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. तेही 'नेचर'मध्ये छापून आलं.

आणि ही गोष्ट इथंच संपत नाही. झाड असा चोर पोटात का बाळगतं? किड्यांसाठी! अळीनं दाणा खाल्ला की तिलाही तो पचू नये म्हणून. १९८७ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी चवळीतलं या द्रव्याचं जनुक काढून तंबाखूच्या झाडात घातलं आणि तंबाखू अळीला दाद देईना. मुंबईत वालाच्या दाण्यावर झालेलं काम आणि जालन्याच्या कपाशीतलं बीटी जनुक, यांच्यात हे असं जवळचं नातं आहे. आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीवर काम चालतं. बीडीएन ७११ ही पांढरी तूर तुमच्यापैकी कुणाच्या तरी शेतात असेलच, ती तिथलीच. ते काम करणाऱ्यांच्या टेबलावरही प्रश्न तेच आहेत. दाणा जास्त यावा, रोग-किडीनं जाऊ नये आणि डाळ चांगली निघावी.

कमलाबाईंना लोकांच्या ताटातलं अन्न कधी सुटलं नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवलं, म्हणून त्यांनी नीरेवर काम केलं. ताड-माडाच्या झाडातून पहाटे निघणारा गोड रस, तीच नीरा. तिच्यात लोह आणि जीवनसत्त्वं आहेत, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिली तर तब्येत सुधारते, हे त्यांनी दाखवून दिलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला द्यायच्या.

पुढं इन्स्टिट्यूटच्या संचालकपदाची वेळ आली. हक्क त्यांचा होता. पण बाईला त्या खुर्चीत बसवायला चार वर्षं लागली! पहिल्या नंबराची विद्यार्थिनी असतानाही वाट बघायची आणि केंब्रिजची डॉक्टर, नावाजलेली प्राध्यापक झाल्यावरही वाट बघायचीच. शेवटी त्या संचालक झाल्या, त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक. १९६९ साली निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर पोथ्या वाचत बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई तिच्या कामात पडल्या. हळदीत, तिखटात, डाळीत, तेलात काय भेसळ होते आणि ती घरच्या घरी कशी ओळखायची, हे त्या सामान्य बायकांना समजेल अशा भाषेत सांगायच्या. संस्थेच्या 'कीमत' या मासिकात लिहायच्या. १९८२-८३ साली त्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या. 'नेचर'मध्ये लिहिणारी बाई भेसळीच्या हळदीवर लिहिते, हे काहींना खाली उतरल्यासारखं वाटेल. मला नाही वाटत. बंगलोरला डाळीपासून सुरू झालेलं काम फिरून वाण्याच्या दुकानातल्या डाळीपर्यंत आलं, इतकंच.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. वय ८७च्या घरात. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी गेल्या. गंमत बघा, बारवाल्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं तेही १९९८ सालीच. त्या वर्षी आपल्या जालन्यात केवढा आनंद झाला होता. कमलाबाई गेल्याची बातमी मात्र आपल्यापैकी किती जणींनी वाचली असेल?

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. कुरडयांचा डबा भरायला मला मदतही केली. मी त्यांना हेही सांगितलं, की नुसत्या बी.एस्सी.वर फार मोठी नोकरी लागेल या भरवशावर राहू नका. या विषयात पुढं एम.एस्सी. करावीच लागते, तेव्हा खर्च आणि वर्षं दोन्ही धरून चाला. कॉलेज निवडताना टोलेजंग इमारत बघू नका, प्रयोगशाळा बघा. मुलांना स्वतःच्या हातानं केळ्यातून, कांद्यातून डीएनए काढू देतात की सर करतात आणि मुलं लांबून बघतात, हे तिथं शिकणाऱ्या मुलींना विचारा. गोड बोलून खोटं सांगण्यापेक्षा हे बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पुन्हा आल्या. नवऱ्याशी बोलणं झालं होतं म्हणे. या खेपेला स्थळांचा विषय निघाला नाही. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजातलं प्रॅक्टिकल संध्याकाळी किती वाजता सुटतं, आणि त्यानंतर जालन्याला यायला गाडी आहे का. मी म्हटलं, वेळापत्रक बघून सांगते.